अकलूजमधील गुन्हेविषयक सार्वजनिक नोंदी

अकलूजमधील गुन्हेविषयक सार्वजनिक नोंदी म्हणजे महाराष्ट्राच्या सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यात असलेल्या अकलूज या शहरात नोंदले गेलेले गुन्हे, त्यांवरून चाललेले खटले आणि त्यांचे निकाल यांविषयीची, सर्वसामान्य नागरिकास पाहता येणारी शासकीय माहिती होय. एखाद्या व्यक्तीचे नाव दिल्याबरोबर तिचा संपूर्ण गुन्हेगारी पूर्वेतिहास समोर येईल, अशी जनतेसाठी खुली नोंदवही भारतात अस्तित्वात नाही. ही माहिती पोलीस ठाणे, न्यायालय आणि निवडणूक यंत्रणा यांच्याकडे विखुरलेली असते. यांपैकी प्रत्येक नोंद निराळ्या टप्प्यावरची असल्याने तिचा अर्थही निराळा असतो. सर्वांत सहज मिळणारी नोंद ही आरोपाची असते. निकालाची नोंद शोधण्यास अधिक श्रम पडतात.

पार्श्वभूमी

गुन्हेगारीची नोंद माणसाच्या आयुष्यावर किती खोल परिणाम करू शकते, याचा अनुभव सोलापूर जिल्ह्याने इतरांहून अधिक तीव्रतेने घेतला आहे. ब्रिटिश सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि १९११ च्या सुधारित कायद्याने तो मुंबई इलाख्यासही लागू झाला. या कायद्यान्वये एखाद्या जमातीला सरसकट गुन्हेगार घोषित करून तिच्या सदस्यांची नावे व बोटांचे ठसे नोंदवहीत घेता येत असत. नाव नोंदले जाण्यासाठी त्या व्यक्तीने स्वतः कोणताही गुन्हा केलेला असणे आवश्यक नव्हते. सोलापूर शहरात विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत अशा जमातींसाठी तारेच्या कुंपणाची वसाहत उभारण्यात आली. तेथील रहिवाशांना ठरावीक वेळी हजेरी द्यावी लागे, आणि त्यांपैकी अनेकांनी शहरातील कापड गिरण्यांत काम केले. त्या वसाहतीची आठवण सोलापुरातील ‘सेटलमेंट’ या भागाच्या नावात टिकून आहे.

मुंबई प्रांतात हा कायदा १९४९ मध्ये आणि उर्वरित भारतात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. त्यामुळे ३१ ऑगस्ट हा ‘विमुक्त दिन’ म्हणून पाळला जातो. कायदा गेला तरी संशय लगेच गेला नाही. सराईत गुन्हेगारांविषयीचे नवे कायदे आले आणि पोलीस ठाण्यांतील पाळतीच्या नोंदवह्यांत विमुक्त जमातींतील लोकांची नावे पुढेही येत राहिली. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) हे आत्मकथन याच वास्तवातून आले आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, मुंबईस्थित पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देताना, तुरुंगांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला. तुरुंग नियमावलींमधील सराईत गुन्हेगारांचे उल्लेख हे कायद्यातील व्याख्येपुरतेच मर्यादित राहतील, असेही त्या निकालात म्हटले आहे. नोंद कोणी पाहावी आणि तिचा अर्थ काय लावावा, हा प्रश्न म्हणूनच या जिल्ह्यात केवळ तांत्रिक ठरत नाही.

नोंदींचे टप्पे

बोलण्यात ‘त्याच्यावर केस आहे’ असे एकच वाक्य वापरले जाते. पण त्याआड अनेक भिन्न अवस्था असू शकतात. किरकोळ शिवीगाळ किंवा दमदाटीची तक्रार बहुधा अदखलपात्र म्हणून नोंदली जाते आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत. दखलपात्र अपराधाची माहिती मिळाल्यावर प्रथम खबर, म्हणजेच एफआयआर, नोंदवली जाते. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली नोंदली जाते. त्यापूर्वी हेच काम फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५४ खाली होत असे. तपासाअंती पुरावा मिळाल्यास न्यायालयात दोषारोपपत्र दाखल होते, त्यानंतर न्यायालय आरोप निश्चित करते, साक्षीपुरावे होतात आणि शेवटी दोषसिद्धी किंवा निर्दोष मुक्तता होते.

पुरावा न मिळाल्यास पोलीस न्यायालयाकडे अंतिम अहवाल पाठवतात. महाराष्ट्रात त्याला ‘समरी’ म्हणतात. गुन्हा घडला परंतु आरोपीचा शोध किंवा पुरावा मिळाला नाही, तर ‘अ’ समरी. फिर्याद हेतुपुरस्सर खोटी असल्यास ‘ब’ समरी. आणि गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाच्या वादातून फिर्याद झाली असल्यास ‘क’ समरी मागितली जाते. शेताचा बांध, वाटणी किंवा उसनवारी यांतून उद्भवलेली अनेक प्रकरणे या शेवटच्या वर्गात मोडतात. ‘ब’ किंवा ‘क’ समरी मंजूर झालेल्या माणसाच्या नावाने प्रथम खबर मात्र अस्तित्वात असतेच.

कार्यक्षेत्र

शोधाची सुरुवात योग्य कार्यालय ओळखण्यापासून होते. अकलूज पोलीस ठाणे हे सोलापूर ग्रामीण पोलीस अधीक्षकांच्या अधिकारात येते. सोलापूर शहरासाठी स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे, म्हणून संकेतस्थळावर जिल्हा निवडताना ‘सोलापूर शहर’ निवडल्यास अकलूजचे ठाणे यादीत दिसत नाही. माळशिरस तालुक्यात अकलूजखेरीज माळशिरस, नातेपुते व वेळापूर येथेही पोलीस ठाणी आहेत. शहराच्या लगतच्या गावात घडलेल्या घटनेची नोंद यांपैकी दुसऱ्या ठाण्यात असू शकते.

गुन्ह्याची नोंद ही घटना जेथे घडली तेथे राहते, आरोपी जेथे राहतो तेथे नव्हे. अकलूजच्या बाबतीत ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. नीरा नदीच्या पलीकडे पुणे जिल्ह्याचा इंदापूर तालुका लागतो. तेथील गुन्ह्यांची नोंद पुणे ग्रामीण पोलिसांकडे आणि खटले पुणे जिल्ह्याच्या न्यायालयांत असतात. पश्चिमेस सातारा जिल्हाही जवळ आहे. साखर कारखान्यांच्या गळीत हंगामात ऊसतोड मजूर आणि दिवाळीच्या सुमारास घोडेबाजारासाठी व्यापारी बाहेरून येतात. अशा व्यक्तींविषयी अकलूजमध्ये काहीही न सापडणे म्हणजे त्यांच्याविरुद्ध कोठेही नोंद नसणे असे नव्हे. आणि अकलूजमध्ये मूळ असलेल्या, परंतु पुण्या-मुंबईस स्थायिक झालेल्या व्यक्तींबाबतही तेच खरे आहे.

पोलिसांकडील नोंदी

सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ रोजी यूथ बार असोसिएशन ऑफ इंडियाच्या याचिकेवर निर्णय देताना, प्रथम खबर नोंदल्यापासून २४ तासांच्या आत पोलिसांच्या किंवा राज्य शासनाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करण्याचा आदेश दिला. इंटरनेटची अडचण असलेल्या भागांत ही मुदत ७२ तासांपर्यंत वाढवता येते. लैंगिक गुन्हे, बालकांवरील लैंगिक अत्याचार, दहशतवाद व बंडखोरी यांसारखी संवेदनशील प्रकरणे यातून वगळली आहेत. एखादी खबर संवेदनशील ठरवून रोखण्याचा निर्णय पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या खालील अधिकाऱ्यास घेता येत नाही.

त्यानुसार महाराष्ट्र पोलिसांच्या सिटीझन पोर्टलवर प्रकाशित प्रथम खबरींचा विभाग आहे. तेथे सोलापूर ग्रामीण हा जिल्हा, अकलूज हे पोलीस ठाणे आणि दिनांकांची मर्यादा दिल्यास त्या काळातील खबरी दिसतात. प्रत्येक खबरीस गुन्हा रजिस्टर क्रमांक, म्हणजे प्रचलित भाषेत ‘गु.र.नं.’, असतो. ही क्रममालिका दरवर्षी नव्याने सुरू होत असल्यामुळे क्रमांकासोबत वर्ष देणे अपरिहार्य आहे. हा क्रमांक, ठाणे व वर्ष टिपून ठेवल्यास पुढील सर्व शोध सुकर होतो.

प्रथम खबर ही फिर्यादीने सांगितलेली हकिगत असते. ती स्वतः पुरावा मानली जात नाही, आणि तीत नाव नसलेली व्यक्ती पुढे आरोपी होऊ शकते, तसेच नाव असलेली व्यक्ती दोषारोपपत्रातून वगळली जाऊ शकते. गावातील भांडणात एकाच कुटुंबातील सर्व सज्ञान पुरुषांची नावे फिर्यादीत घालण्याची प्रवृत्ती न्यायालयांनीही वेळोवेळी नोंदवली आहे. पोर्टलवरील खबर तिच्या पुढील वाटचालीविषयी काहीही सांगत नाही.

अटक झालेल्यांची माहिती हा आणखी एक मार्ग आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७ नुसार प्रत्येक पोलीस ठाण्यात आणि जिल्हा मुख्यालयात एक अधिकारी नेमून, अटक केलेल्या व्यक्तींची नावे, पत्ते व गुन्ह्याचे स्वरूप ठळकपणे प्रदर्शित करणे बंधनकारक आहे. या तरतुदीचा मूळ हेतू लोकांना एकमेकांचा पूर्वेतिहास कळावा हा नसून, अटकेतील माणूस कोठे आहे हे त्याच्या नातलगांना समजावे हा आहे.

याउलट, पोलीस ठाण्यात सराईत गुन्हेगारांविषयी ठेवले जाणारे हिस्ट्रीशीट जनतेस पाहता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०२४ रोजी दिल्लीतील एका प्रकरणात ते पोलिसांचे अंतर्गत दस्तऐवज असल्याचे स्पष्ट केले आणि त्यात अल्पवयीन नातलगांचे तपशील घालण्यास मनाई केली. मागास व विमुक्त समाजांतील निरपराध लोकांची नावे पूर्वग्रहातून अशा नोंदींत येतात, याची दखल घेऊन न्यायालयाने सर्व राज्यांना आपली धोरणे तपासण्यास सांगितले. तडीपारीचे स्वरूप निराळे आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ५५ ते ५७ खाली एखाद्या व्यक्तीस जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी ठरावीक हद्दीबाहेर जाण्याचा आदेश दिला जातो. ही प्रतिबंधात्मक कारवाई आहे, शिक्षा नव्हे. तरीही गावात तिची चर्चा शिक्षेसारखीच होते.

न्यायालयीन नोंदी

निकाल जाणून घेण्याचा विश्वासार्ह स्रोत न्यायालय हाच आहे. अकलूज परिसरातील फौजदारी खटले प्रामुख्याने माळशिरस येथील न्यायालयांत चालतात. देशभरातील तालुका व जिल्हा न्यायालयांची माहिती ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर व भ्रमणध्वनी उपयोजनावर विनामूल्य पाहता येते. महाराष्ट्र, सोलापूर आणि माळशिरस न्यायालय संकुल असा क्रम निवडल्यावर पक्षकाराचे नाव, खटला क्रमांक, वकिलाचे नाव, कायदा किंवा प्रथम खबरीचा क्रमांक यांपैकी कशानेही शोध घेता येतो. प्रत्येक खटल्यास सोळा अक्षरांकांचा एकमेव सीएनआर क्रमांक असतो. तो माहीत असल्यास इतर काहीही विचारले जात नाही.

नावाने शोध घेणे सर्वांत सोपे वाटते. प्रत्यक्षात तेच सर्वांत फसवे आहे. नाव रोमन लिपीत टंकलेले असते आणि त्याचे वर्णलेखन लिपिकागणिक बदलते. मधले नाव कधी असते, कधी नसते. माळशिरस तालुक्यातील एकाच गावात समान नाव व आडनाव असलेल्या अनेक व्यक्ती आढळणे नेहमीचे आहे, आणि या पडद्यावर छायाचित्र किंवा जन्मतारीख दिसत नाही. शिवाय नावाचा शोध एकेका वर्षापुरताच होतो. त्यामुळे गु.र.नं. हाती असल्यास पोलीस ठाणे, क्रमांक व वर्ष देऊन शोधणे अधिक निर्धोक ठरते.

निष्पन्न झालेली यादी वाचतानाही काळजी घ्यावी लागते. ‘आर.सी.सी.’ म्हणजे नियमित फौजदारी खटला, ‘एस.सी.सी.’ म्हणजे संक्षिप्त खटला. खून किंवा जबरी दरोडा यांसारखी प्रकरणे प्रथम दंडाधिकाऱ्यांपुढे येऊन नंतर सत्र न्यायालयाकडे वर्ग होतात आणि तेथे त्यांना नवा क्रमांक मिळतो. जामीन अर्ज, पुनरीक्षण अर्ज आणि अपील यांचीही स्वतंत्र नोंद होते. परिणामी एकाच गुन्ह्यापोटी एका व्यक्तीच्या नावापुढे चार-पाच नोंदी दिसू शकतात, आणि त्या चार-पाच गुन्ह्यांच्या आहेत असा समज होतो.

‘निकाली’ एवढ्या शब्दावरून काहीच सिद्ध होत नाही. निर्दोष मुक्तता, सुटका, तडजोड, फिर्याद मागे घेणे आणि शिक्षा या सर्वच बाबी निकाली प्रकरणांत मोडतात. तडजोडयोग्य गुन्ह्यात न्यायालयासमोर समझोता झाल्यास कायद्याने तो निर्दोष मुक्ततेसमान असतो. दुसरीकडे, जुगार किंवा दारूच्या किरकोळ खटल्यात हेलपाटे वाचावेत म्हणून गुन्हा कबूल करून दोन-पाचशे रुपये दंड भरणाऱ्या मजुराच्या नावे दोषसिद्धीची नोंद होते. सरकारी नोकरीच्या अर्जातील ‘शिक्षा झाली आहे काय’ या प्रश्नापर्यंत बहुतेकांना ही गोष्ट ठाऊकही नसते.

दंडाधिकाऱ्यांच्या निकालावर सत्र न्यायालयात आणि सत्र न्यायालयाच्या निकालावर मुंबई उच्च न्यायालयात अपील होते. सोलापूरसह सहा जिल्ह्यांसाठी उच्च न्यायालयाचे कोल्हापूर येथील खंडपीठ १८ ऑगस्ट २०२५ पासून कार्यरत झाले असल्याने, खालच्या न्यायालयातील शिक्षा पुढे कायम राहिली की रद्द झाली, हे त्या न्यायालयाच्या नोंदींतून तपासावे लागते.

संगणकीकरणापूर्वीचे खटले ई-कोर्ट्सवर बहुधा सापडत नाहीत. त्यांच्यासाठी न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करावा लागतो. जुने अभिलेख ठरावीक मुदतीनंतर नष्टही केले जातात. खटल्याशी संबंध नसलेल्या त्रयस्थ व्यक्तीस उच्च न्यायालयाच्या नियमांनुसार, कारण नमूद करून आणि शुल्क भरून, प्रमाणित प्रत मागता येते. दोषारोपपत्राची गोष्ट वेगळी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २० जानेवारी २०२३ रोजी सौरव दास प्रकरणात, दोषारोपपत्र हे साक्ष्य अधिनियमाच्या अर्थाने सार्वजनिक दस्तऐवज नाही आणि ते संकेतस्थळावर टाकण्याचा आदेश देता येत नाही, असा निर्णय दिला. प्रथम खबर खुली, पण तपासाचा निष्कर्ष बंद, अशी काहीशी विसंगत स्थिती त्यातून निर्माण झाली आहे.

उमेदवारांची शपथपत्रे

एका बाबतीत मात्र नागरिकाला एखाद्या व्यक्तीचा पूर्वेतिहास एकत्रित स्वरूपात मिळतो, आणि ती व्यक्ती म्हणजे निवडणुकीतील उमेदवार. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ मधील निर्णयांमुळे उमेदवारांना आपल्यावरील फौजदारी प्रकरणे जाहीर करणे बंधनकारक झाले. माळशिरस विधानसभा मतदारसंघात किंवा माढा लोकसभा मतदारसंघात उमेदवारी दाखल करणाऱ्या व्यक्तीचे ‘नमुना २६’ मधील शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर पाहता येते. त्यात प्रथम खबरीचा क्रमांक, पोलीस ठाणे, न्यायालय, लागू कलमे, आरोप निश्चित झाले आहेत काय आणि पूर्वी झालेली शिक्षा यांचा तपशील असतो. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांत असेच घोषणापत्र राज्य निवडणूक आयोगाच्या व्यवस्थेत घेतले जाते.

२५ सप्टेंबर २०१८ च्या निर्णयाने प्रलंबित प्रकरणांची माहिती उमेदवार व पक्ष या दोघांनीही वृत्तपत्रांतून व दूरचित्रवाणीवरून प्रसिद्ध करणे आवश्यक झाले. १३ फेब्रुवारी २०२० च्या आदेशाने, असा उमेदवार का निवडला याची कारणेही पक्षाला सांगावी लागतात. केवळ निवडून येण्याची क्षमता हे कारण पुरेसे मानले जात नाही. खोटे शपथपत्र देणे किंवा माहिती दडवणे यासाठी लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १२५-अ अन्वये सहा महिन्यांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. या कलमाचा सर्वाधिक चर्चिला गेलेला खटला महाराष्ट्रातीलच आहे. देवेंद्र फडणवीस यांनी २०१४ च्या शपथपत्रात दोन प्रलंबित प्रकरणांचा उल्लेख केला नाही, या तक्रारीवर सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ रोजी खटला पुढे चालण्याचा मार्ग मोकळा केला. नागपूरच्या न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांची निर्दोष मुक्तता केली.

माहितीचा अधिकार व चारित्र्य पडताळणी

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली १० रुपये शुल्क भरून पोलिसांकडे अर्ज करता येतो आणि सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर अपेक्षित असते. अकलूज ठाण्यात वर्षभरात किती व कोणत्या प्रकारचे गुन्हे नोंदले गेले, अशी आकडेवारी या मार्गाने मागता येते. विशिष्ट शेजाऱ्याविषयीचा अर्ज मात्र कलम ८(१)(ज) मधील वैयक्तिक माहितीच्या अपवादामुळे बहुधा नाकारला जातो. वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने केलेली या तरतुदीतील दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली आणि हा अपवाद अधिक व्यापक झाला. न्यायालयीन कागदपत्रांसाठी माहिती अधिकाराऐवजी न्यायालयाचे स्वतःचे नियम लागू होतात, असे सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी गुजरात उच्च न्यायालयाशी संबंधित प्रकरणात स्पष्ट केले.

घरात भाडेकरू ठेवताना किंवा कामगार नेमताना खरे उपयोगी पडते ते पोलिसांचे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र. यासाठी अर्ज संबंधित व्यक्तीने स्वतः करायचा असतो. म्हणजे नियोक्ता दुसऱ्याच्या नकळत त्याचा पूर्वेतिहास उकरत नाही. तो त्या व्यक्तीलाच प्रमाणपत्र आणण्यास सांगतो. सरकारी नोकरीत माहिती दडवण्याचे परिणाम काय व्हावेत, याविषयी सर्वोच्च न्यायालयाने अवतार सिंग प्रकरणात (२०१६) तत्त्वे घालून दिली. तरुण वयातील क्षुल्लक प्रकरण लपवले असल्यास नियोक्त्याला ते दुर्लक्षिता येते, असे त्यांतील एक तत्त्व आहे. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या तरुणांसाठी हा निकाल विशेष महत्त्वाचा ठरला आहे.

गोपनीय नोंदी

बलात्कारासारख्या गुन्ह्यातील पीडितेची ओळख प्रसिद्ध करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार विधिसंघर्षग्रस्त बालकाची ओळख उघड करता येत नाही, आणि प्रकरण बंद झाले असल्यास चारित्र्य प्रमाणपत्रासाठीही पोलिसांना ती नोंद सांगता येत नाही. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय माहितीसूची २० सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली; ती केवळ तपास यंत्रणांना पाहता येते. अमेरिकेत अशी सूची जनतेसाठी खुली असते आणि कोणीही तीत आपल्या परिसरातील नावे पाहू शकतो.

नोंदीतील दुरुस्ती

निर्दोष सुटलेल्या व्यक्तीची नोंद आपोआप पुसली जाईल, अशी सर्वसाधारण तरतूद भारतीय कायद्यात नाही. फौजदारी प्रक्रिया (ओळख) अधिनियम, २०२२ अन्वये घेतलेले ठसे व मोजमापे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे ७५ वर्षे जपली जातात. पूर्वी शिक्षा न झालेली व्यक्ती निर्दोष सुटल्यास ती नष्ट करावयाची असतात, परंतु न्यायालयास लेखी कारण देऊन तसे न करण्याचा आदेश देता येतो. खासगी संकेतस्थळांवर प्रसिद्ध झालेले निकालपत्र काढून टाकण्यासाठी काहींनी २०१७ च्या पुट्टस्वामी निकालातील खासगीपणाच्या हक्काचा आधार घेऊन उच्च न्यायालयांत धाव घेतली असून, त्यांवरील निर्णय एकसारखे नाहीत. व्यवहारात सुटलेल्या व्यक्तीजवळ एकच साधन उरते, ते म्हणजे निकालपत्राची सही-शिक्क्याची नक्कल. माळशिरसच्या न्यायालयातून ती निकालानंतर लगेच मागून ठेवली नाही, तर काही वर्षांनी, अभिलेख नष्ट झाल्यावर, पोर्टलवरील प्रथम खबर तेवढी शिल्लक राहते.